हाडांचा रस्सा आणि त्याचा खरा जमाखर्च

महाड व पोलादपूर या दोन तालुक्यांत कोणाचें हाड मोडलें, कोणी तापांतून उठलें, किंवा घरांत बाळंतीण असली, म्हणजे शेजारपाजारच्या मंडळींची पहिली सूचना ठरलेली असते : "बोकडाच्या पायांचें सूप द्या." ज्या घरीं मांस चालतें अशा बहुतेक घरीं ही सूचना पाळलीहि जाते. शेळी व कोंबडी हीं आमच्या डोंगराळ भागांतील लहान शेतकऱ्याचीं हक्काचीं जनावरें होत. त्यांचें मांस विकलें जातें किंवा सणावारीं खाल्लें जातें. परंतु पाय, नळ्या व सांधे पुष्कळदां कवडीमोलानें जातात अथवा कुत्र्यापुढें पडतात. त्यांपासून घरच्या घरीं चांगला रस्सा कसा करावा, त्यापासून शरीरास काय मिळतें, आणि याहूनहि महत्त्वाचें म्हणजे काय मिळत नाहीं, हें सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

मी वैद्य नाहीं कीं डॉक्टर नाहीं. महसूल खात्यांत कारकुनी करून निवृत्त झालेला, मराठी शाळेंत शिकलेला एक सामान्य खातेदार आहें. परंतु या विषयांत माझ्या हातून एक मोठी चूक झाली. तीच चूक दुसऱ्या कोणाच्या हातून होऊं नये, म्हणून लेखणी उचलली आहे.

स्वतःचा अनुभव

दोन वर्षांपूर्वीं मिरगाच्या पावसांत माझी पत्नी मागील दारच्या शेवाळलेल्या पायरीवरून घसरली व तिच्या खुब्याचें हाड मोडलें. शस्त्रक्रिया झाली, आठवड्यानें तिला घरीं आणलें. खाण्यापिण्याविषयीं डॉक्टरांनीं जें सांगितलें तें मीं अर्धवट ऐकलें, कारण माझ्या मनानें उपाय आधींच ठरविला होता. हाडानें हाड भरून येणार, मग हाडांचाच रस्सा द्यावयाचा! एक दिवसाआड चार पाय आणावे, दिवसभर चुलीवर शिजवावे, आणि सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वाट्या रस्सा पाजावा, असा क्रम मीं अडीच महिने चालविला.

रस्सा पोटांत गेला म्हणजे तिला भाकरी नकोशी होई. मला वाटे, भाकरी नाहीं तर नाहीं. सारें सत्त्व तर रश्शांत उतरलें आहे. दूध तिला पूर्वींपासून आवडत नसे, तेंहि बंद झालें. कारकुनी संवयीनें मीं खर्चाची वही ठेविली होती. तींत पायांचा खर्च रोज चढत होता आणि घरांतलें माणूस रोज उतरत होतें. अडीच महिन्यांत तिचें वजन सहा किलो घटलें, दंडावरचें मांस गेलें, व आधार धरून उभें राहतांनाहि पाय लटपटूं लागले. पुन्हां दाखवावयास नेलें तेव्हां डॉक्टरांनीं ती दिवसभर काय खाते असें विचारलें. मीं अभिमानानें सुपाचें नांव घेतलें. त्यांनीं शांतपणें विचारलें, "तें ठीक; पण जेवण काय?" या प्रश्नास माझ्याजवळ उत्तर नव्हतें.

त्यानंतर या विषयावर मिळेल तें मीं वाचलें व जाणत्यांना विचारलें. त्यांतून जें निष्पन्न झालें तें पुढें देत आहें.

रश्शांत काय उतरतें

आपल्याकडील जुन्या घरांची कुडाची भिंत सर्वांनीं पाहिली असेल. आंत कारवीचा विणलेला सांगाडा असतो व त्यावर मातीचा लेप. हाडाची रचना कांहींशी तशीच आहे. आंतील चिवट तंतूंचा सांगाडा हा प्रथिनाचा. त्यास कोलॅजन म्हणतात. त्यावर व त्यांत जो टणक भाग बसलेला असतो तो मुख्यतः चुना व स्फुरद यांच्या संयोगानें झालेला आहे. पुष्कळ वेळ उकळलें असतां कोलॅजन मऊ होऊन त्याचें जिलेटिन बनतें व तें पाण्यांत उतरतें. गार झाल्यावर रस्सा खरवसासारखा थिजतो तो या जिलेटिनमुळें. कोलॅजन हाडापेक्षां कातडें, शिरा, सांधे व कूर्चा यांत अधिक असतें. म्हणूनच पायांचा रस्सा जसा थिजतो तसा नुसत्या नळ्यांचा थिजत नाहीं.

परंतु टणक भागाची गोष्ट निराळी. तो पाण्यांत जवळजवळ विरघळत नाहीं. आमसूल, लिंबू किंवा शिरका यांसारखें आंबट घातलें तर थोडा अधिक सुटतो, पण तोहि थोडाच. एका वाटी रश्शांत येणारें कॅल्शियम, म्हणजे चुन्याचा अंश, हें माणसाच्या रोजच्या गरजेच्या विसाव्या हिश्शाइतकेंहि भरत नाहीं. कारवी मऊ होऊन बाहेर आली, माती जागच्या जागीं राहिली, असाच हा प्रकार आहे. थिजलेला रस्सा पाहून "केवढें हें कॅल्शियम!" असें मी म्हणत असें, तें कॅल्शियम नव्हतें.

हा शोध कांहीं कालपरवांचा नाहीं. दनी पापँ नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें लंडनमध्यें असतांना घट्ट झांकणाचें व वाफेची झडप असलेलें एक भांडें तयार केलें आणि १६८१ सालीं त्यावर पुस्तक प्रसिद्ध केलें. हाडें मऊ करण्याचें यंत्र असें त्यानें त्याचें वर्णन केलें आहे. आज आपल्या घरोघरीं शिट्या देणारा कुकर त्याचाच वंशज होय. पुढें एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीं पॅरिस येथें डार्से या रसायनशास्त्रज्ञानें, हाडांतून काढलेल्या जिलेटिनचें सूप इस्पितळांत व गोरगरिबांना स्वस्त अन्न म्हणून द्यावें, असा जोराचा पुरस्कार केला. त्यावर वाद माजला; तेथील विज्ञान अकादमीनें समिति नेमली, आणि मॅजांदी यांच्या प्रमुखत्वाखालील त्या समितीचा अहवाल १८४१ सालीं आला. नुसत्या जिलेटिनवर ठेवलेलीं कुत्रीं तग धरीत नाहींत, असें प्रयोगांत दिसून आलें होतें. याचें कारण आतां ठाऊक आहे. शरीरास जे घटक अन्नांतूनच मिळावे लागतात त्यांपैकीं ट्रिप्टोफॅन हा जिलेटिनमध्यें नसतोच. म्हणून जिलेटिन हें अपुरें प्रथिन ठरतें. डाळ, दूध, अंडें, मांस, मासळी यांनीं ती उणीव भरून निघते.

चुन्याच्या अंशाचा निकाल १९३४ सालीं लागला. लंडनमध्यें मॅकन्स, शेल्डन व विडोसन या तिघांनीं लहान मुलांस देण्यांत येणारे हाडांचे व भाज्यांचे रस्से तपासले. नुसत्या हाडांच्या रश्शांत कॅल्शियम फारच थोडें आढळलें. भाज्या घातल्यावर तें वाढलें. म्हणजे जें वाढलें तें भाज्यांचें होतें.

मग रस्सा टाकाऊ आहे काय? मुळींच नाहीं. आयुर्वेदांत कृश झालेल्यास व आजारांतून उठलेल्यास मांसरस द्यावा असें सांगितलें आहे, व तें अनुभवास येतें. तोंडाची चव गेलेल्या माणसास ऊनऊन रस्सा आवडतो, भूक जागी होते, पाणी व मीठ पोटांत जातें, आणि थोडें प्रथिनहि मिळतें. माझी चूक रस्सा देण्यांत नव्हती. रस्सा हेंच जेवण समजण्यांत होती. रस्सा हा जेवणाचा सोबती आहे, जेवणाचा मुखत्यार नव्हे.

कोणत्या जनावराचीं हाडें घ्यावीं

महाराष्ट्रांत २०१५ सालच्या दुरुस्ती कायद्यानें गायीप्रमाणेंच बैल व वळू यांच्या हत्येसहि बंदी झाली आहे. तेव्हां येथें शेतावरील जनावर म्हणजे शेळी, बोकड, मेंढी व कोंबडी एवढेंच समजावें. जनावर धडधाकट असतां कापलेलें असावें. आजारानें मेलेल्या जनावराचें मांस किंवा हाडें कितीहि उकळलीं तरी घेऊं नयेत. काळपुळी ज्यास आपण फाशी म्हणतों, त्या रोगाचे बीजाणु साध्या उकळीनें मरतीलच असा भरंवसा नाहीं, आणि असें जनावर सोलणाऱ्याच्याहि जिवावर बेततें. तें पशुवैद्यास कळवून खोल पुरावें हेंच योग्य.

या संबंधांत महाडकरांनीं एक गोष्ट स्मरणांत ठेवण्यासारखी आहे. १९२७ सालच्या मार्च महिन्यांत, ज्या परिषदेनंतर चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला, त्या महाड येथील कुलाबा जिल्हा बहिष्कृत परिषदेंत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनीं मेलेल्या जनावराचें मांस सोडून देण्याचा कळकळीचा उपदेश केला होता. तो प्रश्न मुख्यतः माणुसकीचा व स्वाभिमानाचा होता. आरोग्याच्या दृष्टीनेंहि तो उपदेश सर्व जातींच्या लोकांना आजहि तितकाच लागू आहे.

साहित्य व कृति

बोकडाचे चार पाय. नळ्या व सांधे मिळून अर्धा किलो. पाणी तीन लिटर. एक मोठा कांदा, बोटभर आलें, लसणीच्या आठ-दहा पाकळ्या, दहा-बारा मिरीं, अर्धा चमचा हळद, दोन आमसुलें व बेताचें मीठ.

पाय विस्तवावर होरपळून केंस जाळावे, सुरीनें खरवडावे व खुरांचीं टरफलें ठोकून काढावीं. मग हळद लावून तीन-चार पाण्यांनीं धुवावे. नळ्या खाटकाकडूनच फोडून घ्याव्या. सर्व हाडें गार पाण्यांत घालून भांडें चुलीवर चढवावें. प्रथमच कढत पाण्यांत टाकूं नयेत. पहिली उकळी येतांच जो फेस व मळी वर येते ती पळीनें काढून टाकावी. नंतर कांदा, आलें, लसूण, मिरीं व हळद घालून झांकण ठेवावें आणि मंद निखाऱ्यावर पांच-सहा तास शिजूं द्यावें. खळखळून उकळल्यास रस्सा गढूळ व तेलकट होतो. कुकर असल्यास पहिल्या शिटीनंतर मंद आंचेवर एक तास पुरे. मात्र कुकर दोन-तृतीयांशापेक्षां अधिक भरूं नये, व तो लहान असेल तर पाणी व हाडें त्या मानानें कमी घ्यावीं. मीठ व आमसूल शेवटीं घालावें. जुन्या कोंबडीचा रस्सा करावयाचा झाल्यास तिचे पाय स्वच्छ करून त्यांतच टाकावे. चुलीवर तीन तासांत काम होतें.

भांडें तांब्याचें किंवा पितळेचें असेल तर त्यास चांगली कल्हई पाहिजे. नाहींतर आंबटामुळें रस्सा कळकतो व तो पिणाऱ्यास बाधतो. मातीचें मडकें अथवा स्टीलचें पातेलें सर्वांत निर्धोक.

रस्सा तयार झाल्यावर स्वच्छ फडक्यांतून गाळावा, म्हणजे हाडाची कपरी घशांत जाण्याचें भय राहत नाहीं. पायांवरील मऊ झालेलें कातडें, शिरा व नळ्यांतील मगज टाकूं नये. रोग्यास पचत असेल तर खावयास द्यावें.

रस्सा टिकविण्याच्या बाबतींत आपल्याकडे फार हयगय होते. रात्रीं चुलीवरच ठेवून सकाळीं कोमट करून पाजणें ही वाईट चाल आहे. शिजतांना न मरणारे कांहीं बीजाणु असतात. रस्सा तासनतास कोमट राहिला कीं ते त्यांत झपाट्यानें वाढतात व पोट बिघडवितात. म्हणून गाळलेला रस्सा रुंद भांड्यांत ओतून तें भांडें गार पाण्याच्या परातींत ठेवावें व दोन तासांच्या आंत गार करावा. फ्रीज असल्यास तीन दिवस चालतो. प्रत्येक वेळीं लागेल तेवढाच काढून खळखळून उकळावा. फ्रीज नसल्यास त्याच दिवशीं संपवावा. आमच्या भागांत पावसाळ्यांत विजेचा भरंवसा नाहीं. २०२१ सालच्या जुलैंतील पुरांत महाड शहर कित्येक दिवस अंधारांत होतें, हें कोणी विसरलेलें नाहीं. वीज दीर्घकाळ गेली असेल तर फ्रीजमधील रश्शाचा लोभ धरूं नये.

रक्तदाबाच्या रोग्यास मीठ कमी घालावें. मूत्रपिंडाचा विकार किंवा वातरक्त असणाऱ्यांनीं डॉक्टरांस विचारल्याशिवाय हा रस्सा रोज घेऊं नये. तान्ह्या मुलास दुधाच्या ऐवजीं तो कधींहि देऊं नये.

मग हाडास बळ कशानें येईल?

मोठ्या माणसास दिवसास सुमारें १००० मिलिग्रॅम कॅल्शियम पाहिजे. तें रश्शांत नाहीं. परंतु आपल्या वरकस जमिनींत आहे. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०१७ सालीं प्रसिद्ध केलेल्या कोष्टकांत १०० ग्रॅम नाचणींत सुमारें ३६४ मिलिग्रॅम कॅल्शियम दिलें आहे. तितक्याच कुळथांत तें अडीचशेंच्या वर आहे, आणि सडलेल्या तांदुळांत दहापेक्षांहि कमी. तीळ, दूध, शेवग्याचा पाला, तसेंच कांट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळी, हीं याखेरीज. नाचणीस मोड आणून सत्त्व काढल्यास तिच्यांतील कॅल्शियम शरीरास अधिक लागतें. ऊन व डॉक्टर सांगतील तेवढी हालचाल यांचीहि जोड पाहिजे.

येथें मला एक खंत नमूद करावीशी वाटते. माझ्या नोकरीच्या आरंभीं पीकपाहणीच्या नोंदींत डोंगरउतारावरील तुकड्यांपुढें नाचणी, वरी हीं पिकें ठिकठिकाणीं लिहिलेलीं आढळत. पुढें पुढें त्याच तुकड्यांपुढें "पड" हा शेरा वाढत गेला. तरणीं माणसें मुंबईस गेलीं, दळीचें कष्ट कोणी करीना, आणि घरोघरीं केवळ भात उरला. तो शेरा मीं स्वतःच्या हातानें कित्येकदां लिहिला. परंतु ज्या नाचणीनें आमच्या वाडवडिलांचीं हाडें घट्ट ठेविलीं तीच आपण सोडीत आहों, व मग तीच गोष्ट खाटकाच्या दुकानीं शोधीत आहों, हें त्या वेळीं माझ्या ध्यानांत आलें नाहीं.

तेव्हां रश्शाचा खरा उपयोग हा कीं, त्याच्या चवीनें हें अन्न पोटांत जावें. रश्शांत नाचणीचें पीठ कालवून आंबील करावी. मूगडाळ व तांदूळ त्यांतच शिजवावे. कुळथाची पिठी पाण्याऐवजीं रश्शांत करावी. आधीं भाकरी व डाळ, मग वाटीभर रस्सा, असा क्रम ठेवावा. भूक मंद असलेल्या माणसाचें पोट आधीं रश्शानें भरूं नये.

उरलेलीं हाडें शेताचीं

जो चुना व जें स्फुरद रश्शांत उतरलें नाहीं तें गेलें कोठें? तें हाडांतच राहिलें. आणि त्याची गरज आपल्या जमिनीस आहे. आमच्या जांभ्याच्या तांबड्या जमिनी आम्लधर्मी आहेत, व त्यांत स्फुरद पिकास सहज मिळत नाहीं. हाडांचें खत अशाच आम्ल जमिनींत चांगलें लागू पडतें. कच्च्या हाडांच्या चुऱ्यांत नत्र शेंकडा ३ ते ४ असतें. शिजवून सरस व चरबी निघालेल्या चुऱ्यांत तें १ ते २ वर येतें, पण स्फुरदाचें प्रमाण शेंकडा २५ च्या आसपास वा त्याहून अधिक राहतें. शिवाय चरबी गेल्यामुळें असा चुरा मातींत लवकर कुजतो. रस्सा काढलेलीं हाडें म्हणजे घरीं तयार झालेलें हेंच खत होय.

हाडें धुवून कडक उन्हांत आठ-दहा दिवस वाळवावीं, कुत्रीं-मांजरें पोंचणार नाहींत अशा ठिकाणीं. शिजलेलें हाड कुत्र्यास देऊं नये. तें फुटून त्याच्या आंतड्यांत रुततें. वाळल्यावर विझत्या चुलींत थोडीं भाजून दगडी उखळांत कुटावीं. तोंडावर फडकें बांधावें. बोकडाचीं शिजलेलीं हाडें सहज फुटतात. हा चुरा शेणखतांत मिसळून पडवळ, कारलीं, दुधी यांच्या आळ्यांत दोन-दोन मुठी घालावा व वरून माती ओढावी. एका घरच्या हाडांनीं एकरभर शेत खतावणार नाहीं. पण परसबागेस तीं पुरतात, आणि बाजारांतून खताची एक पिशवी कमी आणावी लागते.

माझी पत्नी आतां काठी टेकीत विहिरीपर्यंत जाते. गेलेल्या सहा किलोंपैकीं चार परत आले आहेत. आठवड्यांतून एकदां आमच्या घरीं पायांचा रस्सा होतो; ती आधीं नाचणीची भाकरी व डाळ संपविते, मग वाटी उचलते. हाडें मी कुटतों, व त्यांवर वाढलेला पडवळाचा वेल मांडवावर गेला आहे. जो वरकस तुकडा सात वर्षें पड होता त्यांत यंदा पांच गुंठे नाचणी लाविली आहे. आमच्या वाचकांपैकीं ज्यांच्या घरीं कोणी हाड मोडून अंथरुणास खिळलें असेल त्यांनीं रस्सा अवश्य द्यावा. परंतु ताटांत आधीं काय वाढलें आहे तें पाहावें, एवढीच विनंति करून हा लेख पुरा करतों.